नवीन कॅमेरा घेतला तरी जुना का सुटत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांवरचा लेख वाचला. माहिती चांगली होती, पण एकूण सूर असा होता की डीएसएलआरचं, म्हणजे आरसावाल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्याचं, आता काही खरं नाही, ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनी भाव आहे तोवर काढून टाकावा नाहीतर धंद्यात मागं पडाल. मी फलटणला लग्नाचे आणि बाकी कार्यक्रमांचे फोटो काढतो, माझ्याकडे मिररलेस पण आहे आणि जुना डीएसएलआर पण आहे, आणि आमच्या पट्ट्यातले माझ्या ओळखीचे बरेच फोटोग्राफर असेच दोन्ही बाळगून आहेत. नवीन घेतल्यावर जुना आवडेनासा होतो असं काही आमच्याकडे झालेलं नाही. उलट काही कामांना हात आपोआप जुन्याकडेच जातो, आणि त्याला कारणं आहेत, नुसता जीव जडलाय म्हणून नाही.

माझा जुना म्हणजे निकॉन डी 700, हे मॉडेल 2008 चं. नवीन म्हणजे निकॉनचाच झेड 6, तो 2018 चा. आजच्या बाजारात हा झेड 6 पण जुनाच म्हणतील, पण तालुक्याच्या धंद्यात आम्हाला तोच नवीन. पहिल्याचे 12.1 मेगापिक्सेल (एक मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके), दुसऱ्याचे 24.5. कागदावर बघितलं तर दुप्पट, आणि गिऱ्हाईक कागदच बघतं.

आधी नव्याचं जे चांगलं आहे ते सांगतो, कारण उगाच जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातला मी नाही. चेहरा आणि डोळा ओळखून फोकस करणं हे फार मोठं काम झालंय, नवरी मान वळवते, हसते, मधे कुणाचा तरी हात येतो, तरी फोकस डोळ्यावरच राहतो. झेड 6 ला डोळा ओळखणं 2019 मध्ये फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेटनं आलं, म्हणजे घेतलेला कॅमेरा नंतर सुधारला, हे जुन्यात कुठं होतं. डी 700 चे 51 फोकस पॉइंट (कॅमेरा जिथं फोकस धरू शकतो त्या जागा) सगळे मधोमध गोळा झालेले आहेत, कडेच्या माणसावर फोकस घ्यायचा तर आधी मधे घेऊन मग फ्रेम सरकवावी लागते, आणि झेड 6 चे 273 पॉइंट जवळजवळ अख्ख्या फ्रेमभर पसरलेत. 85 एमएम लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून काढताना डीएसएलआरमध्ये फोकस कधी नाकावर कधी कानावर जायचा, फोकस मागंपुढं जुळवत (फाइन ट्यून) बसावं लागायचं, मिररलेसमध्ये फोकस थेट फोटो पकडणाऱ्या सेन्सरवरच मोजला जातो म्हणून ती कटकट गेली. रात्रीच्या हळदीला, वरातीला, कमी उजेडात तर प्रश्नच नाही. शास्त्रीय गाण्याच्या मैफिलीत पहिल्या रांगेत बसून आवाज न करता फोटो काढता येतो, आधी खटॅक वाजलं की गवई नाही तर शेजारचा रसिक तरी वळून बघायचाच.

पण हाच बिनआवाजाचा सायलेंट शटर लग्नात एलईडी वॉलसमोर लावून बघा. फोटोवर आडवे पट्टे येतात. कारण या वर्गातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर अख्खा फोटो एका क्षणात घेत नाही, वरून खाली ओळ-ओळ वाचत येतो आणि तेवढ्यात एलईडीचा उजेड अनेकदा कमीजास्त झालेला असतो. ढोल वाजवणाऱ्याचा टिपरू धरलेला हात जोरात खाली येत असला तर टिपरू वाकडं येतं. मग परत मेकॅनिकल शटर लावायचा, म्हणजे आवाज आलाच. यावर उपाय निघालेला आहे, निकॉन झेड 9 किंवा सोनी ए 9 थ्री घ्या, ते फार भराभर वाचतात, ए 9 थ्री तर सगळा सेन्सर एकदमच वाचतो, पण त्यांच्या किमतीत आमच्याकडे लग्नाचा अख्खा सेटअप उभा राहतो.

आता जुना का हातात येतो ते. आमच्या गावाजवळ लोणंद आणि तरडगावच्या मधे चांदोबाचा लिंब आहे, माऊलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथं होतं. दोन्ही बाजूला वारकरी उभे, मधल्या वाटेनं अश्व येतो, डोळ्याची पापणी लवेपर्यंत तुमच्या पुढून गेलेला असतो आणि लगेच लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. तिथं दुसरा टेक नाही. डी 700 च्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, दिसतो तो खरा उजेड आहे, भिंग आणि आरसा, मधे स्क्रीन नाही, घोडा जिथं आहे तिथंच दिसतो. झेड 6 सेकंदाला 12 फोटो काढतो खरा, पण त्या स्पीडला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं ते चालू दृश्य नसतं, नुकताच काढलेला फोटो दिसतो, आणि घोड्याच्या वेगाला तेवढा फरक पुरतो, तुम्ही घोड्याबरोबर कॅमेरा फिरवता (पॅन करता) आणि घोडा फ्रेमच्या बाहेर. स्पीड साडेपाचवर आणला तर चालू दृश्य दिसतं, पण मग डी 700 पण सेकंदाला 5 काढतोच की. म्हणून रिंगणाला माझ्या हातात डी 700 असतो.

दुसरं म्हणजे बटणं. डी 700 ला पुढच्या बाजूला माउंटशेजारी एक छोटा खटका आहे, एस (सिंगल, एकदाच फोकस), सी (कंटिन्युअस, सतत फोकस) आणि एम (मॅन्युअल, हातानं). डाव्या हाताचं बोट खाली सरकवलं की कळतं फोकस सिंगलला आहे का कंटिन्युअसला. मागं अंगठ्यापाशी दुसरा खटका, किती पॉइंट वापरायचे त्याचा. मीटरिंगची, म्हणजे उजेड मोजायच्या पद्धतीची, गोल रिंग वेगळी. डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता, अंधारात, पावसाच्या कव्हरमध्ये हात घालून सगळं बदलता येतं, कारण प्रत्येक गोष्टीची जागा पक्की आहे आणि ती बोटांना पाठ झालेली आहे. झेड 6 वर हे खटके नाहीत, तेच काम मेनूत नाहीतर झटपट सेटिंग उघडणारं आय बटण दाबून, नाहीतर फंक्शन बटणावर आधी लावून ठेवायचं. लावून ठेवलं की जमतं, नाही असं नाही. पण अंतरपाट खाली जातो आणि हार पडतात तेव्हा बोटाला विचार करायला लागू नये, आणि मला वाटतं बहुतेक लोक जुना कॅमेरा आवडतो म्हणतात तेव्हा त्यांना हेच म्हणायचं असतं, फोटो चांगला येतो असं नाही तर मधे कॅमेरा येत नाही.

बॅटरीचं सगळ्यांना माहितीच आहे. कंपन्यांच्या ठरलेल्या टेस्टप्रमाणे डी 700 एका चार्जला 1000 फोटो, नंतरचा डी 750 तर 1230, आणि झेड 6 फक्त 310. प्रत्यक्षात झेड 6 यापेक्षा कितीतरी जास्त देतो हे मी पण सांगतो, पण व्ह्यूफाइंडरचा स्क्रीन चालू आहे तोवर बॅटरी खाल्ली जातेच, तुम्ही फोटो काढा नाहीतर नुसतं बघत उभे रहा. वारीत चार्जर लावायला प्लग कुठं शोधायचा, तंबूत एका बोर्डावर वीस मोबाइल लटकलेले असतात.

आणि लेन्स. हा मुद्दा दुकानदार सांगत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितो. आमच्या पिढीच्या बऱ्याच जणांकडे निकॉनच्या डी सिरीजच्या लेन्स आहेत, 50 एमएम 1.8 डी, 85 एमएम 1.8 डी, स्वस्त आणि मस्त. या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, बॉडीतला (लेन्स सोडून बाकीच्या कॅमेऱ्यातला) स्क्रू फिरून फोकस होतो. झेड बॉडीला एफटीझेड ॲडॉप्टर (जुन्या लेन्स नव्या बॉडीला जोडणारी रिंग) लावून त्या बसतात, फोटो निघतो, पण ऑटोफोकस होत नाही कारण ॲडॉप्टरमध्ये तो स्क्रूच नाही. म्हणजे नुसती बॉडी बदलून भागत नाही, लेन्स पण बदला, आणि खर्च बॉडीच्या दुप्पट होऊन बसतो. तरुण पोरं ईएमआयवर बॉडी उचलतात आणि मग हे कळतं. जुनी बॉडी घरात असली तर त्या लेन्स जिवंत राहतात.

मेगापिक्सेलचं पण एकदा कुणीतरी गिऱ्हाइकांना सांगायला पाहिजे, पेपरात आलं तर लोक ऐकतील. करिझ्मा अल्बमचं (जाड छापील पानांचा लग्नाचा अल्बम) एक पान 12 बाय 18 इंच. डी 700 चा फोटो 4256 बाय 2832 पिक्सेल, म्हणजे त्या पानावर इंचाला 236 पिक्सेल पडतात. लॅबवाले 300 मागतात, पण 236 ला छापलेलं पान मांडीवर ठेवून बघितलं तर कुणालाही फरक ओळखता येत नाही, मी गिऱ्हाइकांसमोर दोन्ही पानं ठेवलेली आहेत. 4के टीव्हीला लागतात 83 लाख पिक्सेल, डी 700 कडे 1 कोटी 20 लाख आहेत. बाकीचे फोटो व्हॉट्सॲपवर जातात तिथं तर ते आणखी बारीक होतात. उलट 45 मेगापिक्सेलच्या बॉडीची एकेक रॉ फाइल (सेन्सरवरून आलेला कच्चा फोटो) 50 एमबीच्या आसपास, लग्नाचे 3000 फोटो म्हणजे 150 जीबी, डी 700 मध्ये तेच काम 45-50 जीबीत होतं. हार्डडिस्क कोण घेणार, कॉम्प्युटर कोण बदलणार. मोठं होर्डिंग करायचंय, फोटोतला छोटा भाग कापून मोठा करायचाय, जंगलात पक्षी काढायचेत, तिथं जास्त मेगापिक्सेल जरूर घ्या. लग्नात ऑर्डर देताना "कॅमेरा कुठला, किती मेगापिक्सेल" हा पहिला प्रश्न विचारू नका, आधीचे अल्बम दाखवा म्हणा.

हल्ली कॉलेजची मुलं जुने सीसीडी (जुन्या प्रकारच्या) सेन्सरवाले डिजिटल कॅमेरे शोधत फिरतात, निकॉनचा डी 40, डी 200, नाहीतर खिशातले छोटे कॅमेरे, म्हणतात त्याचा रंगच वेगळा. माझं मत असं की त्यात सीसीडीपेक्षा त्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे रंगाचे फिल्टर आणि आतलं प्रोसेसिंग यांचा हात जास्त आहे, आणि रॉमध्ये काढून नीट काम केलं तर नव्यातून पण बराचसा तसा रंग काढता येतो. पण पोरांना त्यातून फोटोग्राफीची गोडी लागत असेल तर छानच आहे, 6 मेगापिक्सेलमध्ये काय येतं नि काय येत नाही हे कळलं की फ्रेम जपून लावायची सवय लागते. नवीन शिकणाऱ्याला मी सरळ सेकंड हँड डीएसएलआर घे म्हणतो, डी 90 घे, कॅननचा पहिला 5 डी मिळाला तर घे, 2005 चा आहे, 12.8 मेगापिक्सेल फुल फ्रेम (35 एमएम फिल्मएवढा सेन्सर), त्याच्यावर चेहऱ्याची कातडी जशी येते ती बघून आजही बरं वाटतं. शटर काउंट (आतापर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा) बघ, लेन्समध्ये फंगस, म्हणजे बुरशी, आहे का ते टॉर्च मारून बघ, आणि उरलेल्या पैशात एक चांगला फ्लॅश घे.

माझी खरी काळजी पुढची आहे. निकॉन आणि कॅनन दोघांनीही 2020 नंतर एकही नवीन डीएसएलआर काढलेला नाही. म्हणजे आता जे आहेत तेच सांभाळून वापरायचेत. आणि सांभाळायचे कसे? आमच्या एका व्यवसायबंधूच्या बॉडीचं शटर गेलं, कंपनी कुठली ते इथं महत्त्वाचं नाही, सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं पार्ट येत नाही, एक्स्चेंजमध्ये द्या. बाकी बॉडी ठणठणीत, सेन्सर स्वच्छ, आणि एका सुट्या भागापायी सगळी भंगारात. त्यानं ती दिली नाही, दुसरी बंद पडलेली बॉडी मिळवली आणि एका कारागिराकडून तिचं शटर काढून यात बसवून घेतलं, आता परत लग्नाला चालते. पण असे कारागीर किती राहिलेत आणि त्यांच्या मागं कोण शिकतंय?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल पण सुरू झालं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं असे विभाग आहेत. कॅमेरा इलेक्ट्रॉनिक्समध्येच मोडतो, मग त्याचे सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं मिळतील हे कंपन्यांनी विकतानाच पावतीवर लिहून द्यावं असा नियम का होऊ नये? फोटोग्राफर संघटना तालुक्यातालुक्यात आहेत, कार्यशाळा होतात, बहुतेक वेळा नवीन मॉडेलच्या डेमोसाठीच होतात. त्याच संघटनांनी ही मागणी लावून धरावी.

आणि तुम्हाला एक विनंती. नवीन कॅमेऱ्यांवर पुरवणीत लिहा, आम्ही वाचतोच, पण एकदा दुरुस्ती करणाऱ्यांवर पण पानभर द्या. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात आहेत, पुण्यात आहेत, कोल्हापूर-सांगलीकडे पण असतील, त्यांची परवानगी घेऊन दुकानांचे पत्ते छापा, कोण कुठल्या कंपनीचं काम करतो, शटर बदलतो का, फंगस काढतो का, रबर ग्रिप बसवतो का एवढं जरी आलं तरी आमच्यासारख्या तालुक्याच्या लोकांना कुरिअरनं कॅमेरा पाठवता येईल.

कळावे,
आपला,
एक फोटोग्राफर वाचक, फलटण