बाई, तुम्ही ‘आपण’ म्हणालात

प्रिय बाई,

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहिते आहे. इंग्रजीत लिहायला बसले की ‘थँक यू सो मच’च्या पुढे हात सरकत नाही. गेल्या आठवड्यात व्हिसा मंजूर झाल्याचा ईमेल आला. ट्राममध्ये उभ्याउभ्या वाचला आणि माझा थांबा कधी गेला ते कळलंच नाही. आधी आईला फोन लावला. तो लागेपर्यंत डोळ्यांसमोर तुमची ती निळी खिसाडायरी होती.

२० जुलै २०२४, शनिवार. मेलबर्नचा हिवाळा, पाच वाजले की अंधार. मी लायब्ररीत आयईएलटीएस ह्या इंग्रजीच्या परीक्षेची पुस्तकं शोधत होते आणि एकही ओळ डोक्यात शिरत नव्हती. २०२२ साली घर सोडण्याआधी मी ही परीक्षा दिली होती, एकूण ६.०. एजंट म्हणाला होता, ‘तीन वर्षं चालतो हा स्कोअर, शिक्षण संपलं की ह्यावरच पुढचा व्हिसा.’ तेव्हा ते खरंही होतं. पण २३ मार्च २०२४ पासून ऑस्ट्रेलियानं नियम बदलला. शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसाला आता एकूण ६.५ हवेत, प्रत्येक भागात किमान ५.५, आणि परीक्षा अर्जाच्या आधीच्या एका वर्षातली हवी. माझा कागद एका दिवसात रद्दी झाला होता आणि मला ते कळलं जुलैत, शेवटचा निकाल लागल्यावर.

हे रातोरात घडलं नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं स्थलांतराचं नवं धोरण जाहीर केलं, त्यातच इंग्रजीची अट वाढणार असं सांगितलं होतं. ज्याचा धंदाच हा, त्या एजंटला पत्ता नसावा? फी घेताना मी त्याला धाकट्या बहिणीसारखी होते. ‘तू अजिबात काळजी करू नकोस’ म्हणायचा. जुलैत फोन केला तर म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही वेबसाइट बघायला हवी होती.’ त्या ‘तुम्ही’नं मला जेवढं परकं केलं, तेवढं ह्या देशात कुणी केलं नव्हतं. वर सल्ला दिला, आणखी एखाद्या कोर्सला नाव घाला. स्टुडंट व्हिसाची फी १ जुलैपासून ७१० डॉलरवरून १,६०० झाली होती, कोर्सची फी वेगळीच, आणि बाबांचं पहिलं कर्ज अजून निम्मंही फिटलेलं नव्हतं. विद्यापीठाच्या मदतकक्षाला लिहिलं, तर तिसऱ्या दिवशी एक लिंक आली. नुसती लिंक.

तुम्ही त्या दिवशी लायब्ररीतल्या इंग्रजी संभाषणाच्या गटानंतर खुर्च्या एकावर एक रचत होतात. माझ्याकडे पाहिलंत, हातातली खुर्ची खाली ठेवलीत आणि समोर बसलात. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, व्याकरण तर नक्कीच नव्हतं त्यात. तुम्ही ‘अरेरे’ म्हटलं नाहीत, की ‘आधी का नाही बघितलंस’ असं विचारलं नाहीत. निळी डायरी काढलीत आणि म्हणालात, ‘हाउ मेनी डेज हॅव वी गॉट?’

बाई, तुमच्या भाषेत ‘वी’ एकच. आमच्याकडे त्याचे दोन शब्द. ‘आम्ही’ म्हणजे तुला सोडून आम्ही. ‘आपण’ म्हणजे तुला धरून सगळे. तुम्ही जे म्हणालात ते मला ‘आपण’ असंच ऐकू आलं. माझा स्टुडंट व्हिसा ३० ऑगस्टला संपणार होता. पेन्सिलीचं टोक एकेका तारखेवर टेकवत तुम्ही ओठांतल्या ओठांत मोजलंत, एक्केचाळीसवर थांबलात आणि त्या आकड्याभोवती गोल केलात. मग पुढच्या चार शनिवारांवर, तुमचं आधीच काहीतरी लिहिलेलं होतं त्यावर, काट मारलीत. काय होतं तिथं, ते तुम्ही आजवर सांगितलेलं नाही.

पुढच्या शनिवारांचं काय सांगू? तुम्ही माझ्या निबंधातले शब्द बोटानं मोजायचात. पहिला २१८ भरला, हवे होते किमान २५०. बोलण्याच्या सरावात मी अडले की मला शब्द पुरवायचा नाहीत. थांबायचात, अगदी सावकाश, जणू घरी कुणी वाट पाहत नाहीये. इथं दोन वर्षांत माझी किती वाक्यं लोकांनी माझ्याआधी पूर्ण केली होती! ‘बाई’चा अर्थ विचारलात तेव्हा मी म्हटलं, आमच्या गावात शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला असं म्हणतात. तुम्ही आयुष्यभर शाळेत नाही, पोस्टात काम केलेलंत. तरी मी तुम्हाला तेच म्हणत राहिले.

नियमावर माझा राग नाही. इंग्रजी नीट यायला हवं हे मला मनापासून पटतं. रेस्टॉरंटच्या किचनमध्ये भांडी घासताना मी पाहिलंय, ज्या मुलाला पगाराची चिठ्ठी वाचता येत नाही त्याचेच तास कापले जातात. पण बदललेला नियम ज्याला लागू होणार, त्याच्यापर्यंत तो वेळेत पोचवणं हेही कुणाचं तरी काम असायला हवं. माझ्यासारख्या किती जणांचे जुने स्कोअर त्या मार्चमध्ये असे कुचकामी झाले असतील, आणि त्यांना खुर्ची खाली ठेवणारं कुणी भेटलं असेल का, हा विचार अजून रात्री येतो. चांगुलपणाला ना पद लागतं ना परवाना. तुमच्याकडे फक्त शनिवार होते, तेही दुसऱ्या कशासाठी तरी ठेवलेले.

निकाल तुम्हाला माहीतच आहे. एकूण ७.०, लेखनात ६.५. अर्ज २६ ऑगस्टला गेला.

येत्या शनिवारी हे पत्र घेऊन येते. वाचून दाखवीन, वाक्यागणिक थांबून अर्थ सांगेन. मध्ये अडले तर नेहमीसारखं थांबा. आणि डायरी बरोबर आणा. त्या चार शनिवारी तिथं काय लिहिलं होतं, ते आता तरी मला वाचू द्या.

तुमची,
शनिवारची विद्यार्थिनी