फुलं लावा म्हणता, अळ्यांचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या पुरवणीत हिवाळ्यातल्या फुलपाखरांवर अर्धं पान आलंय. विषय घेतलात, बरं वाटलं. पण फोटो कुणाचा, तर नीलवंताचा! 2015 पासून ते आपल्या राज्याचं फुलपाखरू आहे, मान्य, पण ते सह्याद्रीच्या झाडीतलं, जुळे सोलापुरातल्या लोकांनी अंगणात त्याची वाट बघत बसायचं का? इथं रोज दिसणारा बिबळ्या कडवा, केशरी पंखांचा, टोकाला काळं-पांढरं, त्याचं साधं नावपण नाही. आणि म्हणे पहाटे बागेत जा. अहो थंडीत अंगावर ऊन घेतल्याशिवाय ती उडतच नाहीत, नऊ-साडेनऊला जावा, पंख पसरून उन्हाला बसलेली सापडतील.

पण मला खरा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. झेंडू लावा, जास्वंद लावा, सगळं लिहिलंत, अळ्यांवर एक ओळ नाही. आमच्या कॉलनीच्या बागेत मागच्या डिसेंबरात कडीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखराच्या अळ्या होत्या, नात शाळेतून आली की दप्तर टाकून मोजायला पळायची, अकरा होत्या. लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात, डिवचलं की डोक्यामागनं लालसर शिंगं काढून उग्र वास सोडतात. एका शनिवारी कुणीतरी "कीड लागलीय" म्हणून औषध मारून गेलं, कुणाला विचारलं पण नाही. संध्याकाळी सगळ्या खाली पडलेल्या. पोरगी त्या रात्री जेवली नाही. त्याच आठवड्यात कुंपणाजवळची रुई पण उपटली, रानटी दिसते म्हणून. बिबळ्या कडव्याची अळी त्या रुईवर वाढते, तिच्या चिकानंच कडू होते, म्हणून तर पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. झेंडूवर ती जगत नाही हो.

आणि चार-पाच दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात रोज पाणी मागणाऱ्या कुंड्यांची यादी कशाला छापायची? एकदांडी कुठंही आपोआप उगवते, फुलपाखरं तिच्यावर बसतात, ती नुसती उपटू नका एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

यंदा कडीपत्त्यावर परत तीन अळ्या दिसल्यात. येत्या रविवारी जमलं तर अळीचा फोटो छापा, मोठा, रंगीत. नात कात्रण काढून झाडाला बांधणार आहे.

आपला,
एक जुना वाचक, जुळे सोलापूर