विषय: फ्लॅश कायम फुल पॉवरवर पेटतो, आणि तक्रार न बघताच बंद केली

तुमच्या सपोर्टचा फोन आत्ताच ठेवलाय, म्हणून थेट मॅनेजमेंटला लिहितोय. दिवाळीत पुण्याला आलो होतो तेव्हा तुमच्याकडून तीन फ्लॅश घेतले, इथे न्यू जर्सीत घरामागच्या बागेत हमिंगबर्डचे फोटो काढायला. त्यातला एक मॅन्युअलला १/३२ वर, म्हणजे फुल पॉवरच्या बत्तिसाव्या भागावर, ठेवला तरी फुल पॉवरनेच पेटतो. १/१ आणि १/३२ ला त्याच भिंतीचे फोटो काढून पाठवले, दोन्ही सारखेच पांढरेफटक, पण कुणी उघडूनसुद्धा बघितले नाहीत.

१/३२ कशाला लागतं ते तुम्हाला माहितीये. रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारतो, ते फ्रीझ होतात फ्लॅशच्या छोट्या झोताने. फुल पॉवरला झोत लांबतो आणि पंखांचा नुसता धूर दिसतो. कार्डिनल फ्लॉवरमध्ये चोच घातली की त्याच्या कपाळाला पराग लागतो, तो टिपायचाय मला, आणि तिथे पांढरा डाग येतोय.

आता आजचा फोन. आधी म्हणे ऑटोवर टाका. मी म्हटलं अहो बिघाडच मॅन्युअलमध्ये आहे. मग म्हणे शटर १/४००० करा. मी म्हटलं सिंक, म्हणजे फ्लॅशचा शटरशी मेळ, १/२०० पर्यंतच बसतो, त्यापुढे हाय स्पीड सिंक लावला तर फ्लॅश सलग पेटत राहतो, पंख परत हलणार, आयजीबीटी, म्हणजे झोत मध्येच तोडणारा स्विच, गेलाय का ते तपासा. तर त्याने फोनवर हातसुद्धा न ठेवता शेजारच्याला सांगितलं, "काकांना चिमणीचे फोटो काढायचेत," आणि दोघं हसले. मला स्पष्ट ऐकू आलं! नंतर मला म्हणतो, "सर, पक्षीच फास्ट आहे, फ्लॅश ओके आहे," आणि तक्रार बंद. भिंत पण फास्ट आहे का? फोटो उघडलेच नाहीत हो कुणी.

नर ऑगस्टमध्येच दक्षिणेला निघायला लागतात, सप्टेंबर संपेपर्यंत बाग रिकामी, मग थेट एप्रिलअखेर. तुमच्या "बघतो, कळवतो" मध्ये माझा अख्खा सीझन चाललाय. बाकीचे दोन फ्लॅश एकदम मस्त चालतात म्हणून तर जास्त वाईट वाटतं, माल चांगला बनवता आणि माणसं अशी बसवता.

तक्रार परत उघडा, फोटो बघा आणि बदली फ्लॅश पुण्यात माझ्या भावाकडे द्या, बिल त्याच्याकडेच आहे. वॉरंटी अजून चालू आहे. आठवड्यात उत्तर आलं नाही तर तो जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकणार, आणि तुमच्या माणसाचं ते "चिमणी" वालं वाक्य त्यात जसंच्या तसं असेल.