स्ट्राँग क्राफ्ट बिअर : टक्केवारी मेन्यू कार्डावर हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२००९ मध्ये पुण्यात डूलाली ही जागेवरच बिअर बनवून विकणारी ब्रुअरी सुरू झाली, तेव्हा अशी ताजी बिअर ही नवलाईची गोष्ट होती. आज मुंढवा आणि कोरेगाव पार्कसारख्या भागांत अशा ब्रुअरींची सवय झाली असून, गव्हाची बिअर, काळी स्टाउट, कडसर आयपीए यांतला फरक जाणून मागणी करणारा ग्राहकही शहरात तयार झाला आहे. या बदलाचे मी स्वागतच करतो. मात्र नळातून थेट ग्लासात मिळणाऱ्या बिअरच्या यादीत आता बऱ्यापैकी तीव्र बिअरही येऊ लागल्या आहेत आणि त्या ज्या पद्धतीने ग्राहकापुढे ठेवल्या जातात, त्याविषयी हे पत्र आहे.

अलीकडेच एका स्थानिक ब्रुअरीत ट्रिपेल ही बेल्जियन पद्धतीची सोनेरी, तीव्र बिअर चाखण्याचा योग आला. ती बर्फगार, थेट ५०० मिलिलिटरच्या मगात आली, त्यामुळे सुरुवातीला तिला वासच नव्हता. गारवा उतरू दिल्यावर मात्र पिकलेल्या केळ्याचा आणि त्यामागोमाग लवंग-मिरीचा वास स्पष्ट जाणवू लागला. हा वास फळ किंवा मसाला न घालता, केवळ बिअर आंबवणाऱ्या यीस्टच्या करामतीने येतो आणि तो इतका स्वच्छ उतरवणे सोपे नसते. पहिल्या घोटाला मधाचा भास होतो, पण गोडवा जिभेवर रेंगाळत नाही. शेवट कोरडा आणि किंचित कडसर. ट्रिपेलमध्ये साखर घालतात हे ऐकून काही जण नाक मुरडतील, परंतु ती बेल्जियमची जुनी रीत आहे. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, अर्काचा काही भाग यीस्टला पचत नाही आणि बिअरला जडपणा देतो; साखर मात्र जवळजवळ पूर्णपणे आंबते, त्यामुळे अल्कोहोल वाढूनही बिअर अंगाने हलकी राहते. बिअर उत्तम होती, हे निःसंकोच सांगतो.

अडचण नेमकी इथेच आहे. साध्या स्ट्राँग बिअरमध्ये अल्कोहोलचा उग्रपणा पहिल्याच घोटाला कळतो, म्हणून तर ती शक्य तितकी गार करून पिण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. इथे मात्र बिअर बनवणारा जितका कसबी, तितकी तिची ताकद चवीआड दडते. मेन्यू कार्डावर त्या ट्रिपेलचे चार ओळींचे रसभरीत वर्णन होते, परंतु अल्कोहोलचे प्रमाण कुठेही नव्हते. वाढणाऱ्या मुलाला विचारले तेव्हा ‘स्ट्राँग आहे, सर’ एवढेच उत्तर मिळाले. आत जाऊन चौकशी करण्याची विनंती केल्यावर कळले की प्रमाण ८ टक्के आहे.

आपल्याकडे ५ टक्क्यांपर्यंतची बिअर माइल्ड आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग मानली जाते. म्हणजे साडेपाच टक्क्यांची बिअरही स्ट्राँग आणि ८ टक्क्यांचीही स्ट्राँगच. ८ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटर बिअरमध्ये ४० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतो. ५ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या अख्ख्या बाटलीत तो साडेबत्तीस मिलिलिटर भरतो, तर ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १३ मिलिलिटर. थोडक्यात, एक मग रिचवणाऱ्याने तीन पेगांइतका अल्कोहोल घेतलेला असतो, आणि आपण ‘एकच बिअर’ घेतली या समजुतीत तो पार्किंगकडे वळतो. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळणे हा गुन्हा आहे. तिथे पोलिसांना मगांची संख्या सांगून उपयोग नसतो. (मी रिक्षाने गेलो होतो, हे खवचट वाचकांच्या माहितीसाठी.)

बाटली किंवा कॅनवर अल्कोहोलचे प्रमाण छापलेले असते. नळातून थेट ग्लासात येणाऱ्या बिअरला लेबल नसते, त्यामुळे ते काम मेन्यू कार्डाने करायला हवे. काही ठिकाणी नावापुढे टक्केवारी आवर्जून लिहिलेली दिसते, परंतु ही बाब मालकाच्या मर्जीवर सोडण्याजोगी नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाने परवान्याच्या अटींमध्येच तिचा समावेश करावा आणि ती टक्केवारी किमतीइतक्याच ठळक अक्षरांत, मराठीतही असावी. नळांवरच्या बिअर वरचेवर बदलतात ही सबब चालण्यासारखी नाही, कारण त्यांचे दर फळ्यावर त्याच दिवशी बदललेले असतात.

ब्रुअरीचालकांनाही एक विनंती आहे. साधारण साडेसहा टक्क्यांपुढची बिअर दोनशे मिलिलिटरच्या आसपासच्या ग्लासात, त्या प्रमाणातल्या दरात मिळावी आणि ‘एकावर एक मोफत’च्या योजनेतून ती वगळावी. बेल्जियममध्ये अशा बिअरसाठी फुगीर पोटाचे, देठाचे ग्लास वापरतात आणि ती बर्फगार न देता ८ ते १२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान देण्याचा प्रघात आहे, कारण त्याहून गार दिल्यास वास दबतो. माझ्या मगाचा शेवटचा तिसरा हिस्सा मी तसाच ठेवून उठलो. लहान ग्लास मिळाला असता, तर इतकी चांगली बिअर वाया गेली नसती आणि पैसेही.

कळावे.

— एक वाचक, पुणे