काकू, त्या चमचाभर तेलासाठी

प्रिय काकू,

समोर आले की तुम्ही बोलूच देत नाही. "बरं बरं, आधी पोळ्या घे," म्हणता आणि विषय संपतो. म्हणून हे पत्र. पित्ताशय काढलेल्या आणखी कुणाच्या वाचनात आलं, तर त्यांनाही तुमची रीत कळेल.

मार्चमध्ये दुर्बिणीतून माझं ऑपरेशन झालं. पोटावर चार लहान छेद, आणि दुसऱ्या दिवशी घरी. पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा दुखायचा, तोही तीन दिवसांत थांबला. त्रास पुढे सुरू झाला. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर एवढंच होतं, तेलकट टाळा. मी तेल पूर्णच बंद केलं. पेज, उकडलेला दुधी, मुगाचं पाणी. कामावर रुजू झाले तेव्हा अंगात त्राण नव्हतं. एका संध्याकाळी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता, भुकेपोटी दोन समोसे खाल्ले. सीएसएमटी ते भांडुप पाऊण तास, आणि लोकलला संडास नसतो. कुर्ल्याला गर्दीतून वाट काढत उतरले ती अवस्था मी घरीही कुणाला सांगितली नाही. त्यानंतर गाडीत चढायच्या आधी खायचंच नाही, असं ठरवून टाकलं.

तुम्ही ते डब्यावरून ओळखलंत. "तिसरा दिवस, डबा अर्धा परत येतोय. काय होतंय?" काकांचंही पित्ताशय काढलंय हे मला तेव्हा कळलं.

मग तुम्ही जे सांगितलंत ते मी आजही इतरांना तसंच सांगते: "पित्त यकृतात होतं, ते आहे जागेवर. पिशवी नुसती साठवायची. आपल्या चाळीतली टाकी गेली असं समज, नळ आहे. एकदम बादली भरून मिळणार नाही, पण तांब्या तांब्या दिवसभर येत राहील." म्हणजे तेल सोडायचं नाही, दिवसभरात वाटून घ्यायचं. एकदम जास्त आलं की पचत नाही, आणि जादा पित्त मोठ्या आतड्यात उतरलं की जुलाब होतात. इतकं सोपं करून मला कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून एका डब्याचे दोन छोटे डबे झाले. भाजी बिनखोबऱ्याची, फोडणीला चमचाभर तेल. आठवडा नीट गेला की दीड चमचा. शेंगदाण्याचं कूट पाचव्या आठवड्यात, तेही चिमूटभर. बोंबलाचं पातळ कालवण आधी, बांगडा बराच नंतर, कारण तो मुळातच तेलकट. वाल-पावट्याला तुम्ही दोन महिने हात लावू दिला नाहीत. तीस डब्यांच्या घाईत माझी फोडणी वेगळ्या कढईत! त्याचे जास्तीचे पैसेही घेतले नाहीत, आणि ते मला अजून टोचतं.

वही ठेवायला लावलीत, काय खाल्लं आणि किती वेळाने पोट बिघडलं. त्यातूनच सापडलं की मला सकाळचा रिकाम्या पोटीचा कडक दुधाचा चहा सर्वांत जास्त बाधतो. आता आधी केळं, मग चहा. तीच वही डॉक्टरांना दाखवली, त्यांनी इसबगोल सुरू केलं आणि पोट बांधलं गेलं. प्रत्येकाचं पोट वेगळं, काकांना दही चालत नाही, मला चालतं. आणि तुम्ही दोनदा बजावलं होतंत: ताप आला, डोळे पिवळे दिसले, पोटात जोरात दुखलं, तर डब्याची वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

काकू, यंदा गणपतीत मी दोन उकडीचे मोदक खाल्ले, वर तूप घालून. सीएसएमटीहून खाऊन गाडीत बसते आणि थेट भांडुपला उतरते.

तुमचे दोन्ही डबे घासून ठेवलेत. आईने चिपळूणहून आमसुलं पाठवली आहेत, ती त्यात भरली आहेत. उद्या सकाळी आणून देते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची