आधी नवा बॅकअप तपासा, मग जुना पुसा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुंबईतल्या पतपेढ्या, छोटी रुग्णालये, शाळा आणि गृहनिर्माण संस्था यांचे व्यवहार आता संगणकावर आले आहेत आणि बहुतेक ठिकाणी रोज रात्री डेटाबेसचा, म्हणजे संगणकातल्या साऱ्या नोंदींच्या साठ्याचा, बॅकअपही (राखीव प्रत) घेतला जातो. तो घ्यावा, हे सांगण्यासाठी पत्र लिहिण्याचे दिवस आता गेले. मात्र घेतलेले बॅकअप किती काळ ठेवायचे, जुने कुणी पुसायचे आणि पुसण्यापूर्वी काय पाहायचे, हे फारच थोड्या ठिकाणी ठरवलेले आढळते. मी स्वतः डेटाबेस सांभाळण्याची नोकरी करतो आणि सवड मिळेल तेव्हा आमच्या उपनगरातील एका पतपेढीच्या संगणकांकडे लक्ष देतो. तिथे घडलेल्या प्रसंगामुळे हे पत्र लिहीत आहे.

त्या पतपेढीच्या सर्व्हरवर, म्हणजे मुख्य संगणकावर, रात्री दोन कामे आपोआप चालत. पहिले काम बॅकअप घेई आणि दुसरे सात दिवसांपेक्षा जुन्या बॅकअप फायली पुसून जागा मोकळी करी. एप्रिलमध्ये सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने नवी आवृत्ती बसवली आणि त्या ओघात डेटाबेसचे नाव बदलले. बॅकअपचे काम जुन्याच नावाचा डेटाबेस शोधत राहिले व रोज रात्री निष्फळ ठरले. पुसण्याच्या कामाला डेटाबेसच्या नावाशी काही देणेघेणे नव्हते. ते फक्त फाइलची तारीख पाहत होते, त्यामुळे आपले काम ते चोख बजावत राहिले. व्यवस्थापकांना रोज सकाळी ‘जुन्या फायली यशस्वीपणे काढल्या’ असा ईमेल येई, तो वाचून सर्वांनाच बरे वाटे. अकराव्या दिवशी सर्व्हरची डिस्क बंद पडली. बॅकअप ज्या दुसऱ्या डिस्कवर जात असत ती धडधाकट होती, पण तिच्यावरचे फोल्डर उघडले तर आत एकही फाइल नव्हती.

सुदैवाने एका ज्येष्ठ लिपिक बाईंनी ३१ मार्चच्या रात्री वर्षअखेरीची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तिजोरीत ठेवली होती. ती रिस्टोअर केली, म्हणजे तिच्यातल्या नोंदी पुन्हा संगणकावर चढवल्या, आणि पुढच्या दिवसांचे व्यवहार छापील रोजकीर्दीवरून, पिग्मी एजंटांच्या पावत्यांवरून आणि सभासदांच्या पासबुकांवरून हाताने भरले. भाजीचा गाळा बंद ठेवून पासबुक दाखवायला रांगेत उभ्या राहिलेल्या सभासदांना हे सारे का करावे लागते आहे, हे सांगताना आम्हा सर्वांची मान खाली होती.

इथे दोष डिस्कचा नाही. डिस्क कधी ना कधी जातेच. जुने पुसण्याचे काम नवा बॅकअप झाला की नाही याची विचारपूस न करता, केवळ तारखेवर सोडले होते, ही खरी चूक. ‘सात दिवसांपेक्षा जुने पुसा’ या आदेशाऐवजी ‘तपासलेल्या सात प्रती शिल्लक असतील तरच आठवी पुसा’ असा आदेश असता, तर बॅकअप बंद पडल्यावर पुसणेही आपोआप थांबले असते. हा फरक स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाला दिलेल्या आदेशांच्या यादीत, जेमतेम चार ओळींचा आहे. मोठ्यांचेही असेच होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या, प्रोग्रामरांचे काम ऑनलाइन साठवणाऱ्या कंपनीतील एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला, तेव्हा लक्षात आले की रोजचा बॅकअप डेटाबेसची आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता आणि तो होत नसल्याचे ईमेल निघूनही कुणापर्यंत पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या एका प्रतीवर त्यांनी वेळ निभावून नेली. ही सारी हकिगत कंपनीने स्वतःच जाहीर केली, याचे मला कौतुक वाटते.

असे काही ऐकले की पदाधिकारी दुसऱ्या टोकाला जातात आणि काहीच पुसायचे नाही असे ठरवतात. तो मार्गही सुरक्षित नाही. एकदा जागा संपली की पुढचा बॅकअप अर्धवट राहतो, आणि घाईघाईने जागा करताना नेमकी नको ती फाइल पुसली जाते. शिवाय जुन्या प्रतीत सभासदांचे आधार क्रमांक, पॅन, पत्ते आणि सह्या असतात. काही वर्षांपूर्वी मी लॅमिंग्टन रोडवर एक वापरलेली हार्ड डिस्क घेतली होती. तिच्यावरून पुसलेल्या फायली परत मिळतात का, हे सहज म्हणून पाहिले, तर एका दवाखान्याच्या रुग्णनोंदींचा पूर्ण बॅकअप हाती लागला. विकणाऱ्याने डिस्क फॉरमॅट केली होती, पण वरवरच्या फॉरमॅटने मजकूर जात नाही, केवळ त्याची अनुक्रमणिका जाते. मी ती डिस्क पूर्ण पुसून मगच वापरली. दुसऱ्या कुणाच्या हाती पडली असती तर काय झाले असते, हे सांगणे नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही, ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपल्यावर आणि अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसल्यास, ती पुसण्याचे कर्तव्य घातले आहे. कपाटातली विस्मरणात गेलेली डिस्क त्याला अपवाद नाही.

‘पण कायद्याने आठ वर्षे ठेवावेच लागते ना?’ हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला जातो. कंपनी कायद्याच्या कलम १२८ मध्ये हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे जपण्याची तरतूद आहे, हे खरे. अन्य संस्थांना त्यांचे त्यांचे नियम आहेत. परंतु ही तरतूद नोंदी जपण्याची आहे, रोज रात्रीची प्रत्येक प्रत साठवण्याची नव्हे. आठ वर्षांच्या रोजच्या प्रती साठवल्या तर त्या २,९२२ होतील. त्याऐवजी रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा आणि वर्षअखेरीच्या आठ ठेवल्या तर एकतीस प्रतींत काम भागते. महिन्याच्या प्रती मात्र टाळू नयेत. तिमाही व्याजाची आकारणी चुकली तर ते सभासद पासबुक भरायला येतो तेव्हा कळते, तोवर रोजच्या सातही प्रतींत ती चूक शिरलेली असते. रॅन्समवेअरचेही, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचेही, तसेच आहे. घुसखोर कित्येकदा आठवडेच्या आठवडे गप्प बसून राहतो आणि उघड हल्ल्याआधी हाताशी लागणारे बॅकअप पुसतो. म्हणून एक तरी प्रत अशी असावी की जी सर्व्हरच्या पासवर्डने पुसता येणार नाही, आणि ती त्याच इमारतीत नसावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे तळमजल्यावर कार्यालय असलेल्यांना वेगळे सांगायला नको.

वर्षअखेरीच्या प्रतीबाबत आणखी एक अडचण येते. प्रत असते, पण ती उघडणारा प्रोग्राम नसतो. डॉस या जुन्या प्रणालीवर चालणाऱ्या फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममधले हिशेब आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर सरळ चालत नाहीत. तेव्हा प्रतीबरोबर खतावणी व ताळेबंद पीडीएफमध्येही काढून ठेवावेत.

सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांना माझी विनंती आहे की ‘बॅकअप घेता का’ या प्रश्नावर होकाराची खूण करून पुढे न जाता, मागचा बॅकअप रिस्टोअर करून कधी पाहिला आणि जुनी प्रत कुणाच्या सहीने पुसली, एवढे दोनच प्रश्न त्यांनी विचारावेत. सहकार खात्याने हे प्रश्न तपासणीच्या नमुन्यातच घातले तर उत्तम.

आमच्या पतपेढीत आता त्यासाठी एक साधी दोनशे पानी वही आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी व्यवहार बंद झाल्यावर एका जुन्या संगणकावर बॅकअप रिस्टोअर होतो, कोणत्याही पाच खात्यांची शिल्लक पासबुकाशी ताडून पाहिली जाते आणि दोघांच्या सह्या झाल्यावरच महिन्याच्या प्रतींतली सर्वांत जुनी प्रत काढली जाते. गेल्या खेपेला पाचपैकी एका खात्यात बारा रुपयांचा फरक आला; तो सापडेपर्यंत त्या लिपिक बाईंनी सही केली नाही आणि जुनी प्रत सोमवारपर्यंत तशीच राहिली.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई