ब्रेक ऑइल राहून गेलं

सातारा,
रविवार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तू गाडी घेऊन पुण्याला गेलीस त्याला आठ दिवस झाले. गाडी देताना टायर पाहिले, बॅटरी पाहिली, पीयूसी काढली. पण ब्रेक ऑइल बदलायचं राहून गेलं. परवा रात्री ते आठवलं आणि झोप उडाली.

तू चौथीत होतीस तेव्हाचा पसरणीचा घाट आठवतो का? पाचगणीहून वाईला उतरताना मी चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी आणत होतो. निम्म्या घाटात जळका वास आला आणि पेडल भिजल्या कापसासारखं खाली गेलं. भराभर पेडल मारत, गिअर उतरवत, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला लावली. तू मागे झोपली होतीस. ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं.

हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. नवं डॉट 4, म्हणजे आपल्या गाडीतल्या ब्रेक ऑइलचा प्रकार, किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की 155 च्या आसपासच उकळू शकतं. मग नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. दर 2 वर्षांनी ते बदलायचंच.

पुढच्या रविवारी आलीस की अंगणातच करू. मागे ऑइल बदललं तेव्हा पेडलवर आई होती, आता मी बसेन. पाना तुझ्या हातात. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच सैल करायचे. मागची बाजू वर गेली की हँडब्रेकचा उपयोग नाही, म्हणून पुढच्या चाकांना दगड. नुसत्या जॅकवर हात आत घालायचा नाही, खाली स्टँड हवाच.

बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढून नवं भरायचं. मग एकेका चाकातून नळ्यांतलं जुनं ऑइल बाहेर काढायचं. आपल्या गाडीत आधी मागचं डावं चाक, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. चाकामागे ऑइल बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू असतो, तो निपल. त्याला रिंग पानाच लाव, साध्या पान्याने कोपरे झिजतात. त्यावर पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडालेलं. तू "दाब" म्हणायचंस, मी "धरलाय" म्हणालो की निपल पाव वळसा सैल. घट्ट केल्यावरच "सोड" म्हण. निपल उघडं असताना माझा पाय उचलला गेला तर हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. आईच्या वेळी पहिल्या चाकातून कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल आलं होतं. नळीत स्वच्छ, फिकट पिवळं दिसेपर्यंत आम्ही थांबलो नाही. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवू, जुन्या मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याचं, रबर तळापर्यंत घासू नये म्हणून.

दर पाच-सहा दाबांनी डबी बघायची, ती रिकामी होता कामा नये. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओत, रंग उतरतो. निपल गंजून बसलं असेल तर जोर करू नकोस, तुटलं तर काम वाढतं, गॅरेजला नेऊ.

तोवर मैत्रिणींना घेऊन महाबळेश्वरला जाऊ नकोस, हे मनापासून सांगतो. येताना उतारावर गिअर खालचा ठेव. डबीच्या झाकणावर डॉट 4 लिहिलंय, त्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या आण. उघडी बाटली कुणी दिली तर घेऊ नकोस.

तुझे,
बाबा